अण्णांसाठी बिनमिठाचा सोडा

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दुपारच्या जेवणानंतर अर्धा ग्लास सोडा लागतो. गोड नको, रंगीत नको. नुसता सोडा आणि वरून पिळलेली लिंबाची फोड. त्यांचं वय ८१. अर्धं आयुष्य जुन्या नाशकात, तिवंध्यात गेलं. सिडकोत राहायला येऊन वीस वर्षं झाली, तरी बोलताना "आपल्या गावात" म्हणाले की ते तिवंधा, भद्रकाली, रविवार कारंजा एवढ्याच टापूबद्दल बोलत असतात. सोड्याची सवयही तिकडचीच. तरुणपणी दुकान बंद करून घरी येताना ते गोटी सोडा पिऊन यायचे. दुकानदार लाकडी ठोकळी बाटलीच्या तोंडावर ठेवून तळहातानं दाबायचा, गोटी खाली जायची आणि तो आवाज व्हायचा. तो आवाज अण्णा अजून तोंडानं काढून दाखवतात.

गेल्या वर्षी त्यांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. लोणचं गेलं, पापड गेला, चिवडा सणापुरता उरला. मी घरातल्या प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागले आणि एक दिवस सोड्याची बाटली हातात आली. आम्ही आणायचो तिच्यावर पाण्याच्या आणि वायूच्या जोडीला सोडियमचे क्षारही, म्हणजे मिठाचेच भाऊबंद, लिहिलेले होते. सगळ्याच बाटल्यांत ते असतात असं नाही. पण आमच्या कोपऱ्यावर जी मिळायची तिच्यात होते. शिवाय पाऊण लिटरची वीस रुपयांची बाटली एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी तिच्यात दम राहत नाही, म्हणून रोज नवी आणायची. महिन्याला सहाशे रुपये आणि तीस रिकाम्या बाटल्या.

मी गेली बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहाय्यक आहे. कार्बन डायऑक्साइड तयार करणं हे माझं रोजचं काम. किपच्या उपकरणात संगमरवराचे तुकडे, वरून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, चुन्याच्या निवळीत वायू सोडला की ती दुधाळ होते. दरवर्षी शेकडो मुलांना मी हे मांडून देते. तोच वायू घरात वीस रुपयांना विकत आणायचा, हे मला पटेना. तेव्हापासून वर्षभर जे जे करून पाहिलं ते इथे लिहितेय, कारण बऱ्याच जणींनी विचारलं आणि फोनवर सांगताना नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं.

(प्रयोगशाळेतली एकही वस्तू, एकही रसायन मी घरी आणलं नाही. जिथे विषारी द्रव्यं मोजली जातात तिथलं काचपात्र स्वयंपाकघरात कधीच येऊ नये. सगळं सामान किराणा दुकानातलं आणि मत्स्यालयाच्या दुकानातलं.)

सगळ्यात सोपी रीत सगळ्यांना माहीत आहे. लिंबाच्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा, फसफसलं की पिऊन टाकायचं. आमच्याकडेही सुरुवात तिथूनच झाली. पण एका दुपारी मी हिशोब मांडला आणि हात आखडला. पाव चमचा खाण्याचा सोडा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. त्यात सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. म्हणजे दिवसाच्या वाट्याचा सहावा हिस्सा त्या अर्ध्या ग्लासात. लोणच्याची फोड काढून घ्यायची आणि सोड्यातून मीठ पाजायचं, असा तो प्रकार होता. ज्यांना बीपीचा, मूत्रपिंडाचा त्रास नाही त्यांनी कधीमधी पिण्याला माझी हरकत नाही. अण्णांसाठी मात्र ती रीत त्याच दिवशी बंद केली.

मग यंत्र घेतलं. गंगापूर रोडच्या एका दुकानातून, सोडा बनवायचं, आत छोटं सिलिंडर असलेलं. दिसायला देखणं, काम एकदम सोपं. बाटली लावा, बटण दाबा. दोन महिने घरात आनंदीआनंद होता. नंतर सिलिंडर संपलं. दुकानदार म्हणाला, भरलेलं सिलिंडर मुंबईहून येईल, आठ दिवस थांबा. आठाचे चाळीस झाले. कंपनीच्या फोनवर सांगितलं, कुरिअरवाले गॅसचं सिलिंडर नेत नाहीत, तुम्हीच रिकामं घेऊन या. एका सिलिंडरसाठी मुंबई गाठायची? तीन हजारांचं यंत्र कपाटावर जाऊन बसलं. मला त्याचा राग आजही आहे. ज्या गावात पुन्हा भरून द्यायची सोय नाही, त्या गावात विकताना ते सांगायला हवं होतं. यंत्र वाईट नाही, हेही सांगते. तुमच्या घराजवळ सिलिंडर बदलून मिळत असेल तर खुशाल घ्या. पण आधी ते विचारा आणि मग पैसे द्या.

आता मुख्य गोष्ट. सोड्यातला वायू हवा, पण वायू तयार होताना मागे उरणारं मीठ नको. म्हणजे वायू एका बाटलीत तयार करायचा आणि पाण्यात मिसळायचा दुसऱ्या बाटलीत. मधून फक्त नळी. यात नवीन काही नाही. १७६७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचा शास्त्रज्ञ एका मद्याच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपावर जो वायू साचतो त्यात त्यानं पाण्याचं भांडं धरलं आणि पाण्याला ती झणझणीत चव आली. पुढे १७७२ मध्ये त्यानं खडू आणि आम्लापासून वायू तयार करून पाण्यात कसा मुरवायचा ते छापूनच टाकलं. मी मुलांना हे सांगते तेव्हा ती एकदम ऐकायला लागतात. सोडा पिताना कुणाला प्रयोगशाळा आठवत नाही ना!

माझं सामान असं. मत्स्यालयात पाणवनस्पती वाढवणाऱ्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणून त्या दुकानांत एक किट मिळतं. शीतपेयाच्या बाटलीला बसणारी धातूची दोन झाकणं, एकावर दाब दाखवणारं घड्याळ आणि जास्त दाब झाला तर आपोआप सोडणारी सुरक्षा-झडप, नळ्या, एक बारीक कॉक. मला ते साडेबाराशेला मिळालं. या दोन बाटल्यांच्या मधे आणखी एक बाटली लागते (का, ते पुढे सांगते), तिच्यासाठी नळीचं आणखी एक झाकण वेगळं घेतलं. नळ्या नव्या घ्याव्यात, गरम पाण्यानं धुवाव्यात आणि त्या फक्त याच कामाला ठेवाव्यात. बाटल्या शीतपेयाच्याच, कारण त्या दाबासाठी बनवलेल्या असतात. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती चालत नाही. काचेची बाटली तर अजिबात नाही. गोटी सोड्याच्या बाटलीची जाड काच बघून अण्णा म्हणाले होते, "काचेची का नको, आमच्या वेळी काचेचीच असायची." ती बाटली वेगळी. १८७२ मध्ये हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्याच दाबानं गोटी रबराच्या कड्यावर घट्ट बसते आणि मानेतल्या दोन खोबणी ओतताना गोटीला अडवून धरतात. तिची काच त्या दाबाच्या हिशोबानं जाड ओतलेली असते. आपल्या घरातली सॉसची नाहीतर सरबताची बाटली तशी नसते, ती फुटली तर काचा चेहऱ्यावर येतात.

वायूसाठी लागतो खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूफूल. भद्रकालीतल्या मसाल्याच्या दुकानातून मी दोन्ही आणते, सीलबंद आणि खाद्यदर्जाचं. धुण्याचा सोडा निराळा असतो, मागताना "खाण्याचा" म्हणून मागायचं. बऱ्याच व्हिडिओंत व्हिनेगर घ्यायला सांगतात. मी वजन करून पाहिलं आहे. वीस ग्रॅम सोडा पूर्ण संपवायला बाजारातलं चार टक्क्यांचं व्हिनेगर साडेतीनशे मिलिच्या वर लागतं आणि त्याचा वास नळीतून पाण्यापर्यंत पोचतो. लिंबूफूल सतरा ग्रॅम पुरतं आणि वासही नाही. सहा भाग सोड्याला पाच भाग लिंबूफूल, हे प्रमाण लक्षात ठेवायचं.

पहिली बाटली सव्वा लिटरची. तिच्यात चारशे मिलि पाणी आणि सतरा ग्रॅम लिंबूफूल घालून विरघळवायचं. वीस ग्रॅम सोडा कागदी नॅपकिनच्या एका पदरात गुंडाळून बोटाएवढी लांबट पुडी करायची. ही पुडी नीट जमणं महत्त्वाचं. सैल झाली तर बाटलीच्या तोंडातच सांडते, जाड झाली तर भिजायलाच तयार नाही. मी नॅपकिनचे पदर सोडवून एकच घेते, त्यावर सोड्याची रेघ ओढते आणि दोन्ही टोकं पिळते. पुडी आत टाकली की आठ-दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात झाकण घट्ट लावायचं. मग कागद फाटतो आणि बाटली उकळल्यासारखी होते. हाताला मात्र गार लागते. पहिल्यांदा माझी लेक दचकली होती, उकळतंय आणि गार कसं? ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकत नाही, आत ओढून घेते, म्हणून.

सुरुवातीला मी ही बाटली सरळ पिण्याच्या बाटलीला जोडली होती. सोडा मस्त झाला, बुडबुडे छान, मी मोठ्या उत्साहानं ग्लास अण्णांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "पोरी, हे तर मिठाचं पाणी आहे." मी चाखून पाहिलं. खरंच होतं. फेस वर चढून नळीतून पलीकडे गेला होता. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच त्या ग्लासात होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांनी पुढचे आठ दिवस ताक घेतलं, तक्रार केली नाही.

उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. प्रयोगशाळेत वायू नेहमी धुवून घेतात. मधे पाण्याची एक बाटली ठेवायची, येणारी नळी पाण्यात बुडवायची, जाणारी पाण्याच्या वर ठेवायची. फेस, आम्ल, क्षार सगळं त्या पाण्यात अडकतं आणि पुढे फक्त वायू जातो. तेव्हापासून माझ्याकडे मधे अर्ध्या लिटरची बाटली असते, तिच्यात दीडशे मिलि साधं पाणी. आठवड्यानं ते पाणी चाखलं तर खारट-आंबट लागतं, म्हणजे ती तिचं काम करतेय. पाणी दर दोन-तीन वेळा बदलते. तुम्ही या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही मधली बाटली गाळू नका.

तिसरी बाटली पिण्याच्या पाण्याची, लिटरची. गाळलेलं पाणी रात्रभर फ्रिजमध्ये, सगळ्यात थंड कप्प्यात. खरी मेख इथे आहे. साध्या दाबाला चार अंशाचं एक लिटर पाणी जवळपास दीड लिटर वायू सामावून घेतं. तेच पाणी तीस अंशाचं असलं तर जेमतेम दोन-तृतीयांश लिटर घेतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तीस अंशांच्याही वर असतं. ते घेऊन दाब वाढवत बसलात तर बाटली ताणली जाईल आणि सोडा पांचटच होईल. पाणी गार असेल तर कमी दाबात काम भागतं. जास्त दाबाची गरजच पडली नाही, तर धोकाही कमी.

बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, चार बोटं जागा ठेवायची. मग बाटली चेपून आतली हवा बाहेर काढायची, पाणी अगदी तोंडाशी आलं की झाकण लावायचं. कॉक उघडला की चेपलेली बाटली हळूहळू फुगते, कटकट आवाज करत पूर्ववत गोल होते आणि मग कडक होते. अण्णा हे बघायला रोज स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसतात. घड्याळाची सुई तीन बारजवळ जाते. आता पिण्याची बाटली आडवी धरून हलवायची, मिनिटभर, नळी जोडलेलीच ठेवून. हलवायला लागलं की सुई उतरते, दोनच्या खाली येते. तो उतरलेला दाब म्हणजे पाण्यात गेलेला वायू. सुई स्थिर झाली की बाटलीला आणखी नको आहे.

सोडताना क्रम चुकवू नका. आधी कॉक बंद, मग पिण्याची बाटली काढायची, तिला तिचं साधं झाकण लावून तासभर फ्रिजमध्ये. त्यानंतरच पहिली बाटली हळूहळू सैल करायची. उलटं केलं तर मागचा दाब एकदम कमी होतो आणि सगळं पाणी उलट्या वाटेनं मधल्या बाटलीत येतं. आणि तासभर ठेवायचंच. लगेच उघडली तर बराच वायू फस्सदिशी निघून जातो, थंडीत शांत राहिली तर तो पाण्यात बसतो.

खर्च माझ्या हिशोबानं लिटरला सहा रुपये. दोन रुपयांचा सोडा, चार रुपयांचं लिंबूफूल. बाजारच्या बाटलीइतका तडाखा हवा असेल तर त्याच दिवशी दुसरी पुडी करायची, पण पहिल्याचा दाब पूर्ण सोडून, नवीन पाणी आणि लिंबूफूल घेऊनच. एका वेळी वीस ग्रॅमपेक्षा जास्त सोडा मी कधीही टाकत नाही. बाटलीच्या तळाशी किंवा मानेवर पांढऱ्या रेघा दिसल्या की ती बाटली भंगारात. भरलेली बाटली उन्हात, गाडीत, गॅसच्या शेगडीजवळ नाही. आणि हे काम लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही, शेजारी उभं राहून बघू द्यायचं. कोरडा बर्फ बाटलीत टाकून झाकण लावणारे व्हिडिओ फिरतात, ते बघून तसं कुणी करू नये. त्यात दाब कुठवर जाईल यावर कसलाच ताबा नसतो.

आणखी दोन रस्ते आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीचा सोडा सायफन मिळतो, त्यात आठ ग्रॅमची छोटी नळकांडी लागतात, लिटरला एक. उत्तम सोडा होतो, पण एक नळकांडं पन्नास रुपयांच्या घरात जातं, म्हणजे दुकानातला सोडाच स्वस्त. पाहुण्यांपुरतं ठीक. दुसरा रस्ता मोठ्या सिलिंडरचा. माझा दीर अंबडला वर्कशॉपमध्ये आहे, तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे वेल्डिंगला हाच गॅस येतो, देऊ का भरून?" मी नको म्हणाले. वायू तोच, पण वेल्डिंगचं सिलिंडर खाण्यापिण्याच्या दर्जाचं म्हणून भरलेलं नसतं, आत तेलाचा अंश, गंज काय असेल ते कोण तपासतं? पेयांसाठीचा वायू वेगळा मागून घ्यावा लागतो. पाच किलोचं सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, बाटलीचं झाकण मिळून मला आठ-नऊ हजारांचा अंदाज दिला. पाच किलोत, थोडा वाया गेला धरूनही, चारशे-पाचशे लिटर सोडा होतो. मोठं कुटुंब असेल, किंवा घरगुती पेयांचा व्यवसाय करायचा असेल, तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. पण सिलिंडर मान्यताप्राप्त हवं, त्याच्यावर चाचणीची तारीख हवी. आणि एकतीस अंशांच्या वर गेल्यावर आतला दाब भराभर वाढतो, म्हणून नाशिकच्या उन्हाळ्यात ते सावलीत, हवेशीर जागी आणि भिंतीला साखळीनं बांधूनच ठेवायला हवं. बंद खोलीत गळती झाली तर हा वायू जमिनीलगत साचतो. आमच्या दोन खोल्यांत ते शक्य नव्हतं, म्हणून विषय संपला.

आल्याचा सोडा हा वेगळाच प्रकार, त्यात वायू आपण बनवत नाही, आंबवणातले जीव बनवतात. सालीसकट किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत, वर फडकं. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर. चार-पाच दिवसांत बुडबुडे येतात. ते गाळून साखरेच्या गार पाकात घालायचं, बाटलीत भरायचं, बाटली बोटानं दाबून बघत राहायची. कडक झाली की फ्रिज. चव सुंदर, तिखट-गोड, विकतच्या कुठल्याच पेयाला ती येत नाही. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जितका वायू तयार होतो, जवळपास तितकंच अल्कोहोलही वजनानं तयार होतं. हलका फसफसणारा सोडा केला तरी ते पाऊण टक्क्याच्या आसपास जातं. म्हणून मी तो मुलांना देत नाही, आणि सासूबाईंना आधीच सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझ्या ग्लासात नको." बरोबरच आहे. दुसरं म्हणजे उन्हाळा. मागच्या मेमध्ये एक बाटली मी ओट्यावर ठेवून कॉलेजला गेले, परीक्षेचं काम होतं, उशीर झाला. आले तेव्हा बाटली दगडासारखी, तळ बाहेर फुगलेला. ओल्या टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये नेली, झाकण अर्धा फेरा फिरवलं आणि छतापर्यंत कारंजं. हात थरथरत होते. काचेची असती तर? त्यानंतर एप्रिल ते जून मी आल्याचा सोडा करत नाही, थंडीत करते.

द्राक्षांचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे घडापासून सुटलेले मणी वेगळे विकायला बसतात. पिंपळगाव, निफाडकडून येणारे, गोड तेच, फक्त घड नाही म्हणून स्वस्त. ते मी मिक्सरला फिरवून, गाळून, थोडं लिंबू घालून फ्रिजमध्ये ठेवते. ग्लासात तीन बोटं रस आणि वरून कडेनं, ग्लास तिरका धरून सोडा. रस बाटलीत घालून मग वायू सोडायचा प्रयत्न करू नका, गर आणि साखर असली की उघडताना सगळं उतू जातं. पाण्यात वायू आधी, चव नंतर, हा नेम कोकम, आवळा, जिरं सगळ्यांना लागू.

आणि फसफसणारी द्राक्षं! मणी उभे अर्धे चिरायचे, शीतपेयाच्या बाटलीत भरायचे, पाणी नाही, नुसते मणी, आणि नेहमीसारखाच वायू सोडून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये. अख्खे मणी ठेवले तर साल वायूला सहज आत जाऊ देत नाही, म्हणून चिरलेलेच. सकाळी हळूच दाब सोडून एक तोंडात टाकायचा. जिभेवर द्राक्ष चुरचुरतं, आतून बुडबुडे सुटतात. दहा मिनिटांत खाऊन संपवायचे, नंतर ते पुन्हा साधे होतात.

यंदा रंगपंचमीला घरातली पोरं आणि माझे दोन्ही भाचे तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्यानं भरलेल्या जमिनीतल्या हौदात, उड्या मारून आले. केसरी-पिवळ्या रंगानं नखशिखांत भिजलेले, उन्हानं तापलेले, दारातच उभे, कारण सासूबाई आत येऊ देईनात. मी आदल्या दिवशी बसून सहा बाटल्या करून ठेवल्या होत्या. अण्णा स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले आणि एकेक बाटली उघडून ग्लास भरून देत होते. प्रत्येक झाकणाला कान लावल्यासारखे थांबायचे, आवाज झाला की मान हलवायचे. पाचव्या बाटलीचा आवाज जरा कमी झाला. "ही कमी हलवली होतीस," ते म्हणाले. खरंच, त्या वेळी दूध उतू जात होतं म्हणून मी अर्ध्यातच सोडली होती.